पंप-अ‍ॅक्शन शॉटगन: पोलिसी व प्राथमिक श्रेणी

पंप-अ‍ॅक्शन शॉटगन ही गुळगुळीत नळीची, हाताने पुन्हा भरली जाणारी बहुकाडतुसी बंदूक आहे. नळीखालचा सरकता दस्ता मागे-पुढे केला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे काडतूस नळीत बसते. या बंदुकांचे बाजारात ढोबळमानाने दोन वर्ग आढळतात. पोलीस दलांसाठी बनविलेल्या आणि सेवेतून निघाल्यावर विकल्या जाणाऱ्या बंदुका हा पहिला वर्ग, तर सर्वसामान्य ग्राहकासाठी कमी खर्चात बनविलेल्या प्राथमिक श्रेणीच्या नव्या बंदुका हा दुसरा. अमेरिकेत या दोहोंच्या किमती पुष्कळदा जवळपास येतात. त्यामुळे त्यांच्या मूल्याची तुलना तेथे नेहमी केली जाते. भारतात हीच तुलना कायदा, नळीची लांबी, काडतुसांची उपलब्धता आणि वापराचे प्रयोजन यांवर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यात धानशेती व अभयारण्ये एकमेकांना लागून असल्याने पीक संरक्षणाच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

रचना व कार्य

या बंदुका बहुधा १२ बोअरच्या असतात. एक पौंड शिशाच्या समान वजनाच्या बारा गोळ्या केल्या असता त्यांपैकी एका गोळीचा जो व्यास येतो, तो १२ बोअर होय. तो सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. काडतुसात बहुधा अनेक छरे असतात व ते नळीतून बाहेर पडल्यावर पसरत जातात. नळीच्या तोंडाशी असलेल्या किंचित आकुंचनास चोक म्हणतात. चोक जितका घट्ट, तितका छऱ्यांचा फैलाव कमी आणि उपयुक्त पल्ला अधिक.

काडतुसे नळीखालच्या समांतर नळीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, एकामागे एक भरली जातात. यंत्रणा हाताने चालत असल्यामुळे ती काडतुसाच्या जोरावर अवलंबून नसते. सौम्य व जोरदार अशी दोन्ही प्रकारची काडतुसे ती सारख्याच खात्रीने हाताळते. दस्ता अर्धवट ओढल्यास मात्र काडतूस अडकते. हा दोष बहुधा यंत्राचा नसून चालविणाऱ्याच्या सवयीचा असतो.

इतिहास

अमेरिकेत ख्रिस्तोफर स्पेन्सर व सिल्वेस्टर रोपर यांची पंप-अ‍ॅक्शन शॉटगन १८८२ साली पुढे आली. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावर आधारित विंचेस्टर कंपनीची १८९७ सालची बंदूक पहिल्या महायुद्धात खंदकांतील लढाईसाठी वापरली गेली. १९५० साली रेमिंग्टन कंपनीने '८७०' हा नमुना बाजारात आणला. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती तयार झाल्या. मॉसबर्ग कंपनीचा '५००' हा नमुना १९६०च्या दशकाच्या प्रारंभी आला आणि त्यानेही पुढे एक कोटीचा टप्पा ओलांडला. आजची पोलिसी व प्राथमिक श्रेणीची तुलना प्रामुख्याने या दोन घराण्यांभोवती फिरते.

दोन श्रेणींतील फरक

रेमिंग्टनने १९८७ साली '८७० एक्स्प्रेस' हा स्वस्त नमुना आणला. त्याचा मूळ आराखडा पोलिसी ८७०चाच होता. बचत केली ती घडणीच्या तपशिलांत. बाह्य पृष्ठभागाला चकाकी दिलेली नसे, लाकूड साध्या प्रतीचे असे आणि काही लहान भाग कमी खर्चाच्या पद्धतीने बनविले जात. पोलिसी नमुन्यात पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर, अधिक जोमदार स्प्रिंगा आणि कारखान्यात अधिक काटेकोर तपासणी असे. एक्स्प्रेस नमुन्यावर दमट हवेत लवकर गंज चढतो, ही तक्रार वापरणाऱ्यांत सर्वपरिचित आहे.

मॉसबर्गच्या घराण्यात '५९०ए१' हा सैनिकी व पोलिसी वापराचा नमुना मानला जातो. त्याची नळी जाड भिंतीची असून चापाभोवतीचा भाग व सुरक्षा-कळ धातूची असते. त्याच कंपनीचा 'मॅव्हरिक ८८' हा प्राथमिक श्रेणीतला नमुना होय. यात सुरक्षा-कळ बंदुकीच्या पाठीवर नसून चापाजवळ आडवी बसविलेली असते. दोन्ही नमुन्यांत यंत्रणेचे मुख्य कवच अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते व बंद होणारा खटका थेट नळीच्या पोलादी विस्तारात अडकतो. त्यामुळे मूलभूत बळकटीत किमतीइतकी मोठी तफावत राहत नाही.

पोलिसी बंदुकीच्या टिकाऊपणाविषयी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. अशी बंदूक वर्षानुवर्षे गाडीतील चौकटीत बाळगली जाते, पण झाडली जाते क्वचित. परिणामी बाहेरून ती ओरखड्यांनी भरलेली दिसते, मात्र आतील यंत्रणा फारशी झिजलेली नसते. स्वस्त नव्या बंदुकीत याउलट स्थिती संभवते: बाह्यरूप कोरे, परंतु काडतूस बसण्याची जागा खडबडीत राहिल्याने रिकामे काडतूस अडकण्याची शक्यता. रूपावरून मूल्य ठरविणे दोन्ही बाबतींत फसवे ठरते.

प्रयोजनाचा फरकही तितकाच मोलाचा आहे. पोलिसी बंदुकीची नळी बहुधा १८ ते २० इंचांची व चोकविरहित किंवा अल्प चोकाची असते. अरुंद जागेत ती सोयीची पडते. मोकळ्या शेतात किंवा नेमबाजीच्या मैदानावर मात्र छरे लवकर विखुरल्याने तिचा पल्ला तोकडा पडतो. प्राथमिक श्रेणीतील पुष्कळ बंदुका २६ किंवा २८ इंचांच्या नळीसह व बदलता येणाऱ्या चोकांसह मिळतात.

वापरलेल्या बंदुकीची पारख

वापरलेली बंदूक पाहताना प्रथम ती रिकामी असल्याची खात्री नळी व मॅगझिन या दोन्ही ठिकाणी केली जाते. त्यानंतर पुढील बाबी तपासण्याचा प्रघात आहे:

- बंदुकीवरील क्रमांक स्पष्ट असावा व परवान्यातील नोंदीशी तंतोतंत जुळावा. खोडलेला किंवा पुन्हा कोरलेला क्रमांक असलेली बंदूक घेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.
- नळी उजेडासमोर धरल्यास आत सलग वर्तुळे दिसावीत. एखादे वर्तुळ तुटलेले दिसल्यास नळीला पोचा पडला आहे किंवा ती फुगली आहे असे समजावे.
- काडतूस बसण्याच्या जागेत गंजाचे खड्डे नसावेत.
- काडतूस ओढून काढणारी आकडी धारदार व तिची स्प्रिंग ताठ असावी.
- दस्त्याला जोडलेल्या सरकत्या पट्ट्या वाकलेल्या नसाव्यात.
- सुरक्षा-कळ लावलेली असताना चाप दाबला जाऊ नये.
- काडतुसाची मान्य लांबी नळीवर कोरलेली असते. ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनविलेल्या जुन्या बंदुकीत ७० मिलिमीटरचे काडतूस वापरणे धोक्याचे असते.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात बंदूक बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक आहे. जिल्हा दंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. या अधिनियमाच्या कलम १३मध्ये संरक्षण किंवा क्रीडेसाठी किमान २० इंच लांबीच्या नळीच्या गुळगुळीत बंदुकीचा उल्लेख आहे. पीक संरक्षणासाठी त्याच कलमात तोंडाकडून भरावयाची बंदूक, म्हणजेच पूर्व विदर्भात 'भरमार' या नावाने ओळखली जाणारी बंदूक, सांगितली आहे. भरमार पुरेशी पडणार नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटल्यास किमान २० इंच नळीची अन्य गुळगुळीत बंदूक देता येते. पंप-अ‍ॅक्शन बंदूक पीक संरक्षणासाठी मिळण्याची वाट या तरतुदीतून जाते.

येथेच पोलिसी श्रेणीच्या बंदुकीचे मूल्य बदलते. अमेरिकेत लोकप्रिय असलेली १८ इंच नळीची पोलिसी बंदूक भारतीय कायद्याच्या २० इंचांच्या मर्यादेत बसत नाही. लांब नळीची बंदूक घेऊन ती परवानगीविना कापून आखूड करणे कलम ६ अन्वये निषिद्ध आहे.

२०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. वडिलोपार्जित शस्त्रही या मोजणीत येते. घरी आधीच दोन शस्त्रे असणाऱ्यास स्वस्त मिळाली तरी तिसरी बंदूक घेता येत नाही.

एका परवानाधारकाने आपली बंदूक दुसऱ्या पात्र व्यक्तीस विकावयाची झाल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखास खरेदीदाराच्या नाव-पत्त्यासह लेखी पूर्वसूचना द्यावी लागते. सूचनेनंतर किमान ४५ दिवस उलटल्यावरच हस्तांतर करता येते.

भारतातील बाजार

पोलीस दलाने जुन्या बंदुका विक्रेत्यास देऊन नव्या घेणे आणि त्या जुन्या बंदुका नागरिकांना विकल्या जाणे ही अमेरिकेतील रूढ पद्धत भारतात नाही. १९८०च्या दशकापासून व्यापारी आयातीवर कडक निर्बंध आल्याने भारतात असलेल्या परदेशी बंदुका मर्यादित आहेत व त्या हस्तांतरानेच फिरतात. टंचाईमुळे त्यांची किंमत मूळ देशातील किमतीपेक्षा बरीच चढी असते. अशी किंमत बंदुकीच्या गुणवत्तेपेक्षा तिच्या दुर्मीळतेची असते.

नव्या बंदुकांत सरकारी आयुध निर्माणींची १२ बोअरची पंप-अ‍ॅक्शन बंदूक आणि खासगी कारखान्यांच्या एकनळी व दुनळी बंदुका हे मुख्य पर्याय आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. बंदुकांचे उत्पादन कानपूर येथील अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे, तर काडतुसांचे उत्पादन पुणे येथील म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा निर्माणी १८६९ सालची असून तेथील 'शक्तिमान' काडतुसे परवानाधारकांत परिचित आहेत.

सुटे भाग हा मूल्यमापनातील निर्णायक घटक आहे. परदेशी बंदुकीची आकडी तुटल्यास तसा भाग मिळविणे दुष्कर असते. देशी बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडे तुलनेने सुलभ होते.

गोंदिया जिल्ह्यातील संदर्भ

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून गोंदिया जिल्हा निर्माण झाला. जिल्ह्यात आठ तालुके असून धान हे मुख्य पीक आहे. नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नागझिरा अभयारण्य व लगतची वनक्षेत्रे मिळून २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. जंगलालगतच्या शेतांत रानडुकरे व रोही (नीलगाय) यांच्यामुळे होणारे नुकसान हा शेतकऱ्यांचा जुना प्रश्न आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम ३४नुसार अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकास वनविभागाकडे नोंदणी करावी लागते. या पट्ट्यात नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती आवश्यक असते. सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव व तिरोडा या तालुक्यांतील जंगलालगतच्या गावांना ही तरतूद महत्त्वाची आहे. ज्या शेतकऱ्याला वन्यप्राण्यांचा उपद्रव सर्वाधिक, त्याच्याच वाटेत परवान्याचा हा अधिकचा टप्पा येतो.

शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची अनुज्ञा नव्हे. उपद्रवी रानडुक्कर किंवा रोही मारण्यासाठी कलम ११ अन्वये वनविभागाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसताना झालेली हत्या, बंदूक कायदेशीर असली तरी, शिकारीचा गुन्हा ठरते. पीकहानीबद्दल शासनाकडून नुकसानभरपाई मिळण्याची वेगळी तरतूद आहे. शेताच्या कुंपणात वीजप्रवाह सोडणे बेकायदेशीर असून विदर्भात अशा कुंपणांमुळे वाघ व माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत.

मूल्यमापन

केवळ यंत्र म्हणून पाहता, काळजीपूर्वक तपासलेली वापरलेली पोलिसी बंदूक ही त्याच किमतीच्या नव्या प्राथमिक बंदुकीपेक्षा सामान्यतः सरस मानली जाते. नव्या बंदुकीच्या बाजूने हमी, लांब नळी व ठाऊक असलेला पूर्वेतिहास या गोष्टी येतात. भारतीय परिस्थितीत हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. नळीची लांबी २० इंचांहून कमी असल्यास पोलिसी बंदुकीचा दर्जा निरुपयोगी ठरतो, आणि सुटे भाग मिळत नसल्यास तिचा टिकाऊपणा कागदावर राहतो. गोंदियासारख्या जिल्ह्यात पीक संरक्षणासाठी मोजलेल्या किमतीचे चीज होणे हे बंदुकीच्या श्रेणीपेक्षा परवाना, वनविभागाची अनुज्ञा आणि काडतुसांची उपलब्धता यांवर अधिक अवलंबून असते. त्यामुळे परवान्यात बसणारी, देशी काडतुसे चालणारी व जवळपास दुरुस्त होणारी साधी बंदूक तेथे अधिक मूल्याची ठरते.