अपुरी पोथी काशीला पोचली तेव्हा

वाराणसीत मणिकर्णिकेवरून गंगेच्या काठाने उत्तरेकडे निघालं, की शिंदे घाटानंतर संकठा घाट लागतो. पायऱ्या चढून गल्लीत शिरलं की संकठा देवीचं देऊळ. यमेश्वर आणि यमादित्य ही यमाची ठाणीही इथलीच, म्हणून यमद्वितीयेला, म्हणजे आपल्या भाऊबिजेला, इथे स्नानाचं माहात्म्य. हा सगळा काठ मराठी पैशाने बांधलेला आहे. शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांचा आणि पलीकडचा भोसले घाट नागपूरकरांचा. संकठा घाटाच्या दगडी पायऱ्या नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित यांच्या विधवा पत्नीने 1825च्या सुमारास बांधवल्या असं सांगतात.

पैसा यायच्या दोन-अडीचशे वर्षं आधी मात्र इथे एक मराठी पोथी आली होती, आणि तीही अर्धवट.

एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर टीका लिहायला घेतली ती पैठणात. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी स्वतःच हिशेब दिला आहे: पहिले पाच अध्याय प्रतिष्ठानात झाले, पुढचा विस्तार आनंदवनात, म्हणजे काशीत. एकूण अध्याय 31, तेव्हा 26 अध्याय घरापासून शेकडो कोसांवर लिहिले गेले. जागाही त्यांनी नेमकी सांगितली आहे, मणिकर्णिकेच्या तीरावरचं पंचमुद्रा पीठ. काशीखंडात हे पीठ विकटा देवीचं म्हणून येतं, आणि काशीचे अभ्यासक आजच्या संकठा देवीलाच ती जुनी विकटा मानतात. ही ओळख धरली, तर वारकरी ज्याला नुसतं ‘नाथभागवत’ म्हणतात, त्याचा मोठा भाग संकठा घाटाच्या माथ्यावर लिहिला गेला.

पैठणात घरदार, प्रपंच आणि रोजचं कीर्तन असलेला माणूस ग्रंथ अर्धवट टाकून काशीला का गेला असावा?

याचं उत्तर महिपतींच्या ‘भक्तलीलामृता’त मिळतं. ते 1774 सालचं आहे, म्हणजे घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिलेलं. त्यामुळे त्यातला चमत्काराचा भाग बाजूला ठेवून वाचावं लागतं. कथा अशी, की काशीचा एक ब्राह्मण पैठणला आला, नाथांची टीका ऐकून भारावला, आणि तोवर झालेल्या सुरुवातीच्या अध्यायांची नक्कल करून घेऊन गेला. परत गेल्यावर तो मणिकर्णिकेवर बसून ती रोज वाचू लागला. ते एका वजनदार संन्याशाच्या शिष्याच्या कानी पडलं, शिष्याने गुरूला सांगितलं, आणि पैठणला बोलावणं गेलं.

यात अशक्य काही नाही. पोथी म्हणजे बांधीव पुस्तक नव्हे. सुटी लांबट पानं दोन फळ्यांमध्ये ठेवून वर रुमाल गुंडाळायचा. जेवढे अध्याय झाले तेवढ्यांची नक्कल करायला ग्रंथ पुरा होण्याची वाट बघावी लागत नसे. बोरू, शाई आणि काही दिवसांची सवड पुरे. लेखक विश्वासातल्या माणसाला पानं देई आणि नकलेवरचा त्याचा ताबा त्याच क्षणी सुटे. संगणकावरच्या खेळाचा ‘मॉड’ करणारी आजची मुलं हाच अनुभव घेतात. दुसऱ्याच्या मूळ खेळावर आपली रचना चढवायची, अपुरी आवृत्ती निवडक परीक्षकांना गुपचूप द्यायची, आणि एखाद्याने ती बाहेर नेली की आवरता आवरत नाही. नाथांची टीकाही दुसऱ्याच्या मुळावर चढवलेली रचना होती. 1367 संस्कृत श्लोकांच्या सुमारे 18,800 ओव्या झाल्या, त्यावरून चढवलेलं किती असेल याचा अंदाज येतो.

नाथांना परीक्षक नवे नव्हते. त्यांच्या पहिल्या ग्रंथाचे, ‘चतुःश्लोकी भागवता’चे, पहिले श्रोते त्यांचे गुरू जनार्दनस्वामीच होते. पण गुरूला ऐकवणं वेगळं आणि न निवडलेल्या माणसाच्या हाती पानं लागणं वेगळं. शिवाय काशीतला आक्षेप अर्थाच्या चुकीचा नव्हताच. व्यासांचं पुराण प्राकृतात आणून कुणालाही ऐकवायचं, यावरच रोष होता. गंमत अशी, की मराठीच्या कैवाराचा नाथांचा युक्तिवाद पहिल्याच अध्यायात आहे. म्हणजे बाहेर गेलेली पानं नेमकी तीच.

आता कुणी विचारेल, काशीत मराठी पोथी पारखणार कोण? पारखणारे भरपूर होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी रामेश्वर भट्ट पैठणहूनच काशीला जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट पुढे काशीच्या पंडितांचे अग्रणी झाले. विश्वेश्वराच्या देवळाची 1585च्या सुमाराची उभारणी त्यांच्या नावावर आहे, आणि 1674 साली रायगडावर शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे त्यांचे पणतू. महाराष्ट्रातल्या जातीपातीच्या तंट्यांवर काशीची दाक्षिणात्य पंडितमंडळी निर्णयपत्रं देत. तेव्हा काशीची मान्यता ही पैठणच्या लेखकासाठी नुसती शोभेची गोष्ट नव्हती, आणि काशीचा नकार तर नाथांना चांगलाच महागात पडला असता.

परंपरा सांगते, की संन्याशाने आधी नाथांचं तोंड पाहायलाही नकार दिला आणि मध्ये पडदा धरून वाचन ऐकलं. मग पडदा गळाला, आणि जो पोथी बुडवायला निघाला होता त्यानेच ती पुरी करण्याचा आग्रह धरला. कथेत पुढे येणारी पोथीची हत्तीवरची मिरवणूक आणि पाण्यात टाकलेली पोथी गंगेने झेलणं, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावं. तारखा मात्र पक्क्या आहेत. ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाराणसीतच शके 1493च्या रामनवमीला, म्हणजे 1571च्या वसंतात पुरं झालं, आणि भागवताची टीका शके 1495च्या कार्तिकी पौर्णिमेला, 1573 साली. दोन्ही तारखा एकाच मुक्कामाच्या धरल्या, तर नाथ अडीच वर्षांहून अधिक काळ काशीत होते. एवढ्या दिवसांत 26 अध्याय लिहिताना समोर रोज भक्तच बसले असतील असं वाटत नाही. शंका काढणारेही असणार, आणि त्या ग्रंथातला सावध, शास्त्राला धरून चालणारा सूर थोडाफार त्यांच्यामुळे आला असावा.

नाथांची टीका पुरी होऊन पाच महिने उलटायच्या आत, 1574च्या रामनवमीला, तुलसीदासांनी अयोध्येत ‘रामचरितमानस’ लिहायला घेतलं. तेही पुढे काशीत आले आणि त्यांनाही लोकभाषेवरून पंडितांचा विरोध झाल्याच्या कथा आहेत.

नकलांचं दुसरं टोक नाथांनी नंतर पैठणात पाहिलं. तीनशे वर्षं हातोहात फिरलेल्या ‘ज्ञानेश्वरी’त पाठभेद आणि पदरच्या ओव्या इतक्या शिरल्या होत्या, की त्यांना प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवावा लागला. ते काम शके 1506मध्ये, 1584 साली पुरं झालं. स्वतःची अपुरी पोथी लोकांत गेल्यावर जो काशीपर्यंत जाऊन निस्तरून आला, त्याच माणसाने या प्रतीच्या शेवटी बजावून ठेवलं, की यात पुढे कुणी आपली ओवी घालू नये.