अनुमान कोणाचे? : मे. पुं. रेगे आणि तर्काचे दोन वारसे

मराठीत ‘तर्कशास्त्र’ ह्या एकाच नावाने दोन भिन्न विद्या ओळखल्या जातात. एक गौतमाच्या न्यायसूत्रांपासून मिथिला व नवद्वीप येथील नव्यनैयायिकांपर्यंत आलेली. दुसरी अ‍ॅरिस्टॉटलपासून निघून फ्रेगे व रसेल यांच्या हातून गणिताशी एकरूप झालेली. पहिली पाठशाळेत राहिली, दुसरी महाविद्यालयात आली; आणि नाव एकच असल्यामुळे त्यांच्यातील अंतर बहुधा कोणाच्या ध्यानीही आले नाही. ते अंतर मोजण्याचे आणि त्यावरून संवाद घडवून आणण्याचे कार्य मेघश्याम पुंडलिक रेगे (१९२४–२०००) यांनी केले. त्यांच्या कर्तृत्वाचा विचार ह्या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

पाश्चात्त्य आकारिक तर्कशास्त्राची गेल्या दोन शतकांतील वाटचाल म्हणजे ज्ञात्याला हळूहळू बाजूस सारण्याची वाटचाल होय. बूल यांनी १८५४ मध्ये विचाराचे नियम बीजगणिताच्या रूपात मांडले. फ्रेगे यांनी १८७९ मध्ये तर्कासाठी स्वतंत्र चिन्हलिपी रचली. व्हाइटहेड व रसेल यांचा ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ १९१० ते १९१३ ह्या काळात प्रसिद्ध झाला. पुढे ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये गणन करणाऱ्या माणसाच्या कृतीचे इतके सूक्ष्म पृथक्करण केले की, ती कृती पार पाडण्यास माणसाची आवश्यकताच उरली नाही. संगणकाचा तात्त्विक जन्म तो हाच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा संगणक पूर्णत्वास गेला, तेव्हा आकाराची ही विद्या भारतातही यंत्ररूपाने अवतरली.

रेगे संगणकशास्त्रज्ञ नव्हते. मुंबईत तत्त्वज्ञानाचे अध्यापन करून ते कीर्ती महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. वाईच्या प्राज्ञ पाठशाळामंडळाशी त्यांचा निकटचा संबंध होता, ‘नवभारत’चे संपादन त्यांनी केले, आणि १९९४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या निधनानंतर मराठी विश्वकोशाची धुरा त्यांच्याकडे आली. एका बाजूस कांट व रसेल यांचे अध्ययन आणि दुसऱ्या बाजूस वाईची शास्त्रपरंपरा, असे हे दुहेरी सान्निध्य होते. त्यातूनच त्यांच्या कार्यातील एक लक्षणीय उपक्रम उभा राहिला.

१९८३ मध्ये पुण्यास भरलेल्या परिषदेत रेगे, दयाकृष्ण आदी आधुनिक विद्याविभूषित तत्त्वचिंतक आणि बदरीनाथ शुक्ल यांच्यासारखे परंपरागत पंडित समोरासमोर बसले. चर्चेची भाषा संस्कृत होती आणि विषय होता रसेल यांची ‘विधान’ ही कल्पना. तिचे साहित्य पुढे १९९१ मध्ये ‘संवाद’ ह्या नावाने ग्रंथरूप झाले. पंडितांना पाश्चात्त्य मताची केवळ माहिती करून देणे हा येथे हेतू नव्हता. त्यांनी आपल्या शास्त्राच्या बळावर त्या मताची परीक्षा करावी, ही अपेक्षा होती.

विषयाची निवड मार्मिक होती. रसेल यांच्या आरंभीच्या मतानुसार विधान हे कोणी जाणो वा न जाणो, सत्य किंवा असत्य असतेच. न्यायमतात सत्यत्व हा ज्ञानाचा धर्म आहे. आणि ज्ञान हे नेहमी कोणा आत्म्याचे असते. पर्वतावर धूर दिसला, धूम व अग्नी यांची व्याप्ती स्मरली, दोहोंचा परामर्श झाला, म्हणजे अनुमिती उत्पन्न होते. ती मनात घडलेली एक घटना आहे. आकारिक तर्कशास्त्रात मात्र पर्वत, धूम व अग्नी यांच्या जागी कोणतीही चिन्हे घातली तरी युक्तता अबाधित राहते. संगणकाचे सारे सामर्थ्य ह्या उदासीनतेत आहे. त्याला धूर दिसावा लागत नाही.

परंतु न्यायमताचीही वाट निष्कंटक नाही. दोन व्यक्तींना ‘एकच’ गोष्ट कळली, असे म्हणताना ते एक काय? असत्य म्हणून ठाऊक असलेल्या कल्पनेवरून विचार कसा चालतो? ‘अग्नी नसता, तर धूमही नसता’ अशा आपादनालाच नैयायिक ‘तर्क’ म्हणतात, आणि त्यासाठी त्यांना ‘आहार्य ज्ञान’ मानावे लागते. पाश्चात्त्यांनी जे काम विधानाकडे सोपविले, ते येथे ज्ञानाच्याच एका प्रकाराकडे येते. दोन्ही पक्षांना परस्परांची अडचण कळावी, हेच अशा संवादाचे फलित.

पुण्याच्या परिषदेनंतर दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, अमेरिकेतील रिक ब्रिग्ज यांचा संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरील लेख प्रसिद्ध झाला. शाब्दबोधाच्या विश्लेषणपद्धतीचे संगणकातील ज्ञानमांडणीशी असलेले साम्य त्यात दाखविले होते. त्यावरून ‘संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा’ असा उद्घोष सुरू झाला. अभिमानाला हा निष्कर्ष सोयीचा होता. विचाराला मात्र तो घातक ठरला. शाब्दबोध म्हणजे अखेर बोध होय. तो कोणाला होतो, हा प्रश्न त्या उद्घोषात हरवून गेला.

आज यंत्रे वाक्ये रचतात आणि युक्तिवादही मांडतात. तेव्हा हाच प्रश्न नव्याने उभा राहतो. ज्ञात्यावाचून अनुमान संभवते काय? रेगे यांचे श्रेय असे की, परंपरेचा गौरव किंवा तिचा अव्हेर ह्या दोन सुलभ मार्गांपैकी एकही त्यांनी स्वीकारला नाही. परंपरेला त्यांनी प्रश्न विचारला आणि तिचे उत्तर ऐकून घेतले.