टाका नसलेली जखम : राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे सहा आठवडे

५ जानेवारी १९८७. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात ७५ वर्षांच्या एका रुग्णावर वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली. पोटावर छेद नाही, अंगावर एकही टाका नाही. तपासणीसाठी गेलेल्या उतीत कर्करोग आढळला नाही आणि ८ तारखेला रुग्ण घरी परतला. हे घर म्हणजे व्हाइट हाउस आणि रुग्ण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन. शस्त्रक्रियेच्याच दिवशी त्यांचे अंदाजपत्रक काँग्रेसपुढे गेले. एक लाख कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारे ते अमेरिकेचे पहिले अंदाजपत्रक होते.

वैद्यकीयदृष्ट्या यात विशेष काही नव्हते. वयाची साठी उलटलेल्या असंख्य पुरुषांवर हीच शस्त्रक्रिया होत असे. मात्र पुढच्या सात आठवड्यांत व्हाइट हाउसमध्ये जो संघर्ष पेटला, त्याच्या मुळाशी एक अगदी घरगुती प्रश्न होता : ज्याच्या अंगावर जखम दिसत नाही, तो माणूस बरा झाला असे केव्हा म्हणायचे?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. उतारवयात ती वाढते आणि मार्ग आतून आवळत नेते. लघवीची धार बारीक होते, रात्री चारचार वेळा उठावे लागते आणि एखाद्या दिवशी लघवी साफ अडते. या अडकलेल्या लघवीवर शतकानुशतके एकच उपाय होता : नळी घालून मूत्राशय मोकळे करणे. ग्रंथी काढून टाकण्याचे धाडस रूढ झाले ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, आणि त्या कथेचा एक धागा हिंदुस्थानातून जातो.

पीटर फ्रेयर हे आयर्लंडमधील गॅलवे परगण्याचे. १८७५ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि त्यांची वीसेक वर्षे प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानात गेली. मूतखडा हा त्या प्रदेशातला घरोघरचा रोग. मूत्रमार्गातून उपकरण आत नेऊन, पोट न फाडता खडा चिरडून बाहेर काढण्याच्या पद्धतीत फ्रेयर यांचा हात इतका बसला की रामपूरच्या नवाबाने त्यांना लाख रुपये बिदागी दिली. सरकारी नोकराने एवढी रक्कम घ्यावी की नाही, यावरून मग मोठा वाद झाला, तो वेगळाच. निवृत्तीनंतर फ्रेयर लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात रुजू झाले. तिथे १ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी ओटीपोटातून मूत्राशय उघडून, बोटाने सोलून अख्खी प्रोस्टेट बाहेर काढली. १९०१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख आला आणि ही पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलर यांनी ती आधीच केली होती, पण कीर्ती फ्रेयर यांच्या पदरात पडली. चिरफाड टाळण्यात हयात घालवलेल्या शल्यविशारदाचे नाव पोट उघडणाऱ्या शस्त्रक्रियेला चिकटावे, हा इतिहासाचा खोडकरपणाच म्हणायचा.

या खुल्या शस्त्रक्रियेनंतरचा काळ खडतर असे. पोटातून बाहेर काढलेली जाड नळी, रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि दीर्घकाळ अंथरूण. पण त्या जखमेचा एक उपयोग होता. ती दिसत असे. व्रण पाहून घरचे लोक गप्प बसत आणि कामावरचेही समजून घेत.

दुसरी वाट अमेरिकेत तयार झाली. न्यूयॉर्कच्या मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी १९२६ मध्ये ‘रिसेक्टोस्कोप’ नावाचे उपकरण पुढे आणले आणि जोसेफ मॅकार्थी यांनी १९३१ च्या सुमारास त्यात मोठी सुधारणा केली. मूत्रमार्गातून दुर्बीण आत न्यायची, तिच्या टोकाशी असलेल्या तारेच्या कडीतून उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडायचा आणि ग्रंथीचा अडथळा आणणारा भाग आतल्या आत तासून त्याचे तुकडे धुऊन काढायचे. आपल्याकडे आजही ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात ते हेच. त्याच दशकात फ्रेडरिक फोली यांनी टोकाला फुगा असलेली रबरी नळी तयार केली. आज जगभर रुग्णांना लावली जाणारी फोली कॅथेटर ती हीच. फोलींच्या मनात मात्र सुरुवातीला होता तो प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव : फुगा आत फुगवून जखमेवर दाब द्यायचा, ही मूळ कल्पना.

म्हणजे जखम असतेच. दुर्बिणीची शस्त्रक्रिया जखम नाहीशी करत नाही, ती फक्त नजरेआड करते. ग्रंथी तासलेल्या जागी आत एक उघडी, भाजलेली पोकळी राहते. पहिले एकदोन दिवस तीन तोंडांच्या नळीतून मूत्राशय सतत धुतले जाते, रक्ताच्या गुठळ्या अडकू नयेत म्हणून. नळी काढल्यावर जळजळ होते, घाई होते, कधी थेंब आवरत नाहीत. मग लघवी स्वच्छ होते आणि रुग्णाला वाटते, संपले. नेमके तेव्हा, साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास, आतली खपली सुटते आणि पुन्हा लाल धार दिसते. बहुतेक वेळा पाणी पिऊन आणि पडून राहून ती थांबते. पण जड उचलणे, कुंथणे, लांबचा खडतर प्रवास हे सारे त्या खपलीचे वैरी. पोकळीवर नवे अस्तर चढायला सहा आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. डॉक्टर सहा आठवडे सांगतात ते यामुळे.

सत्तेत असलेल्या माणसांना या ग्रंथीने आधीही गाठले होते. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांना ऑक्टोबर १९६३ मध्ये, पक्षाच्या ब्लॅकपूल अधिवेशनाच्या तोंडावर, एका रात्रीत लघवी अडण्याचा त्रास सुरू झाला. दुसऱ्या दिवशी वेदना सोसत त्यांनी मंत्रिमंडळाची बैठक चालवली आणि त्याच संध्याकाळी ते रुग्णालयात दाखल झाले. १० ऑक्टोबरला शस्त्रक्रिया झाली आणि त्याच दिवशी लॉर्ड होम यांनी अधिवेशनात त्यांचे पायउतार होण्याचे पत्र वाचून दाखवले. १८ तारखेला राणी एलिझाबेथ स्वतः रुग्णालयात आल्या. पंतप्रधानांनी राजवाड्यात जाऊन उत्तराधिकाऱ्याविषयी सल्ला द्यायचा, ती गोष्ट इथे रुग्णाच्या खाटेपाशी पार पडली. मॅकमिलन तेव्हा ६९ वर्षांचे होते. ग्रंथीत कर्करोग नव्हता. त्यानंतर ते आणखी २३ वर्षे जगले आणि घाईने सत्ता सोडल्याची रुखरुख त्यांना लागून राहिली.

फ्रान्सच्या द गॉल यांनी उलट मार्ग धरला : कोणाला कळूच द्यायचे नाही. मार्च १९६४ मधला मेक्सिकोचा दौरा त्यांनी कॅथेटर लावलेल्या अवस्थेत पार पाडला. १६ एप्रिलच्या संध्याकाळी आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेले त्यांचे भाषण दूरचित्रवाणीवर सुरू असताना ते स्वतः पॅरिसच्या कोशँ रुग्णालयात पोहोचत होते. १७ तारखेला शस्त्रक्रिया झाली, मगच देशाला वार्ता मिळाली. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडणूक लढले आणि जिंकले.

रेगन यांच्यापुढे यांपैकी कोणताही मार्ग नव्हता. राजीनाम्याचा प्रश्न नव्हता आणि लपवाछपवी शक्य नव्हती. जुलै १९८५ मध्ये मोठ्या आतड्यातला कर्करोग काढताना त्यांनी काही तासांपुरते अधिकार उपाध्यक्ष बुश यांच्याकडे दिले होते, तेव्हापासून त्यांच्या प्रकृतीचा प्रत्येक तपशील बातमी होत असे. शिवाय वेळ फार वाईट होती. इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याचे आणि त्यातला पैसा निकाराग्वाच्या काँट्रा बंडखोरांकडे वळवल्याचे प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये फुटले होते. १९ नोव्हेंबरनंतर राष्ट्राध्यक्षांनी एकही पत्रकार परिषद घेतली नव्हती. लोकांना उत्तरे हवी होती.

इथे दोन माणसे समोरासमोर आली. चीफ ऑफ स्टाफ डोनाल्ड रीगन (आडनाव जवळजवळ सारखे, नाते काही नाही) हे शेअर बाजारातून आलेले, करड्या शिस्तीचे गृहस्थ. राष्ट्राध्यक्ष लवकर लोकांसमोर आले नाहीत तर संशय वाढेल, असे त्यांचे मत. राजकारणाच्या हिशोबाने ते चूक नव्हते. दुसऱ्या बाजूला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले आहेत, तेव्हा सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे, ही त्यांची भूमिका. रुग्ण तर हिंडताफिरता, हसतमुख, विनोद सांगणारा. मग त्याला जपायचे कशासाठी, हा चीफ ऑफ स्टाफचा प्रश्न कोणत्याही घरातल्या एखाद्या अधीर मुलाने विचारावा तसाच होता.

नॅन्सी यांच्या आग्रहामागे आणखी एक धागा होता, तो जगाला १९८८ मध्ये कळला. मार्च १९८१ मधल्या प्राणघातक हल्ल्यानंतर त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जोन क्विगली या ज्योतिषी बाईंचा सल्ला घेत. राष्ट्राध्यक्षांचे दौरे आणि भाषणे यांच्या वेळा त्यातून ठरत. रीगन यांनी ‘फॉर द रेकॉर्ड’ या आपल्या पुस्तकात हे उघड केले. शुभ, अशुभ आणि संशयास्पद दिवस लक्षात राहावेत म्हणून आपण दिनदर्शिकेवर हिरव्या, लाल आणि पिवळ्या रंगाच्या खुणा करत असू, असेही त्यांनी लिहिले. पंचांग पाहून बाहेर पडणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण अमेरिकेत मोठा हशा झाला. त्या हशात एक गोष्ट मात्र झाकली गेली. सहा आठवड्यांचा आकडा ग्रहांनी दिलेला नव्हता, तो डॉक्टरांचा होता. नॅन्सी यांचे ज्योतिष कितीही हास्यास्पद मानले, तरी पतीच्या आतल्या जखमेबद्दल त्यांचे म्हणणेच बरोबर होते.

तरीही विश्रांती पूर्ण मिळाली नाहीच. २६ जानेवारीला, शस्त्रक्रियेच्या एकविसाव्या दिवशी, रेगन माजी सिनेटर जॉन टॉवर यांच्या चौकशी मंडळासमोर बसले आणि ऑगस्ट १९८५ मधल्या इस्रायलमार्फत गेलेल्या शस्त्रांना आपण आधी संमती दिली होती, असे म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी काँग्रेसच्या संयुक्त सभेपुढे वार्षिक भाषण केले. ११ फेब्रुवारीला मंडळासमोर त्यांची साक्ष बदलली : आधी संमती दिली नव्हती. २० तारखेच्या पत्रात तर त्यांनी आपल्याला आठवतच नसल्याचे कळवले. यातले किती वयाचे, किती वकिली सल्ल्याचे आणि किती थकव्याचे, हे वेगळे काढता येत नाही. शस्त्रक्रियेला दोष देऊन मोकळे होणे ही पळवाट ठरेल. विसंगतीचा विषय १९८५ चा होता, १९८७ च्या अशक्तपणाचा नव्हे. पण बरे होत असलेल्या माणसाला देशाच्या सर्वांत मोठ्या चौकशीसमोर बसवण्याची घाई कोणाच्या हिताची होती, हा प्रश्न उरतो.

फेब्रुवारीत पत्रकार परिषदेच्या तारखेवरून वाद टोकाला गेला आणि रीगन यांनी बोलता बोलता नॅन्सी यांचा फोन आपटला. ती बातमी वॉशिंग्टनभर झाली. २६ फेब्रुवारीला टॉवर अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात व्हाइट हाउसमधल्या गोंधळाची जबाबदारी चीफ ऑफ स्टाफवरही ठेवली होती. दुसऱ्या दिवशी, शस्त्रक्रियेनंतर त्रेपन्नाव्या दिवशी, आपल्या जागी हॉवर्ड बेकर येत असल्याचे रीगन यांना दूरचित्रवाणीच्या बातमीवरून कळले. त्यांनी एका वाक्याचे राजीनामापत्र धाडले आणि ते निघून गेले. प्रोस्टेटवरची शस्त्रक्रिया रुग्णाला सोसली होती. तिच्या विश्रांतीने बळी घेतला तो दुसऱ्याचा.

४ मार्चला रेगन यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केले आणि शस्त्रे देऊन ओलीस सोडवण्याचा व्यवहार घडला होता, हे मान्य केले. १९ मार्चला, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर त्र्याहत्तराव्या दिवशी, चार महिन्यांनी पहिली पत्रकार परिषद झाली. सहा आठवडे केव्हाच उलटून गेले होते. राष्ट्राध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी प्रश्नांना उत्तरे दिली. त्या संध्याकाळी प्रश्न इराणचे होते. प्रोस्टेट हा आता कोणाच्याही काळजीचा विषय राहिला नव्हता.

जाता जाता एक तारीख. तेवीस वर्षांपूर्वी याच ग्रंथीपायी पंतप्रधानपद सोडलेले मॅकमिलन २९ डिसेंबर १९८६ रोजी, ९२ व्या वर्षी वारले. रेगन यांच्या शस्त्रक्रियेला तेव्हा बरोबर सात दिवस उरले होते.