आकाशाची रात्रपाळी



आपल्यातले बरेच जण सपोर्टच्या नोकरीत आहेत, त्यामुळे 'हॅन्डओव्हर' म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. काही वर्षांपूर्वी एका गुरुवारी संध्याकाळी इथे मनामात मी पाळी संपवून उठलो. शुक्रवारी आम्हाला सुट्टी, पुण्याची टीम मात्र कामावर. एका सर्व्हरची डिस्क भरत चालली आहे, ही एक ओळ मेलमध्ये लिहायची राहून गेली. रात्री सिस्टिम झोपली. पुण्याच्या पोरांनी ती उठवली खरी, पण तोवर जुने लॉग पुसले गेले होते. मूळ कारण काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही. चूक माझीच.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या फुटणाऱ्या ताऱ्यांचा इतिहास वाचतोय, आणि तिथेही सगळा खेळ हॅन्डओव्हरचाच आहे. फरक एवढाच की आपण सूर्यामागे पाळ्या लावतो, ते लोक रात्रीमागे. तारा फुटल्यावर पहिल्या काही तासांत जो प्रकाश येतो, तो पुन्हा येत नाही. उजाडलं की दुर्बीण मिटायची आणि पश्चिमेला जिथे अंधार पडतोय तिथल्या कोणाला तरी निरोप द्यायचा. निरोप चुकला तर लॉग कायमचा पुसला गेला!

पूर्वी ताऱ्यांची बातमी तारेनेच जायची. १८८०च्या दशकात जर्मनीतल्या कील शहरात त्यासाठी मध्यवर्ती कार्यालय होतं. पुढे ते कोपनहेगनला आणि १९६५मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजला गेलं. आकाशातली जागा पाच-पाच आकड्यांच्या गटांत पाठवायची आणि शेवटी पडताळणीसाठी बेरीज द्यायची. म्हणजे आपला चेकसमच की!

१९८७च्या २४ फेब्रुवारीला चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत इयान शेल्टनला फोटोच्या काचेवर एक नवा ठळक तारा दिसला. न्यूझीलंडच्या अल्बर्ट जोन्स यांनी तो स्वतंत्रपणे पाहिला. केंब्रिजहून बातमी फिरली आणि जपानच्या कामिओकांदे प्रयोगाने आपल्या जुन्या टेप तपासल्या, तर त्यांत ११ न्यूट्रिनो सापडले. प्रकाशाच्या पहिल्या नोंदीच्या सुमारे तीन तास आधीचे! पण तिथलं घड्याळ मिनिटभर इकडेतिकडे असू शकत होतं, त्यामुळे नेमकी वेळ सांगता येईना. सर्व्हरची घड्याळं जुळवून ठेवा, असं आपण नव्या पोरांना का बजावतो ते यावरून कळावं.

यापेक्षा अवघड कोडं गॅमा किरणांच्या स्फोटांचं होतं. अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांना १९६७मध्ये असा पहिला स्फोट दिसला, आणि १९७३मध्ये त्याबद्दल जाहीर झालं. पण हे स्फोट आपल्या आकाशगंगेत होतात की विश्वाच्या दुसऱ्या टोकाला, हे पुढची चोवीस वर्षं ठरेना. स्फोट काही सेकंदांचा. नेमकी जागा कळेपर्यंत सगळं विझलेलं.

१९९६मध्ये इटली-हॉलंडचा बेप्पोसॅक्स उपग्रह सुटला. तो काही तासांत बऱ्यापैकी नेमकी जागा सांगू लागला. ८ मे १९९७ला एक स्फोट झाला. अ‍ॅरिझोना आणि पालोमारच्या दुर्बिणींना तिथे मागे राहिलेला उजेड सापडला. लगेच हवाईतल्या अजस्र केक दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला, न्यू मेक्सिकोतल्या रेडिओ दुर्बिणींनी कान लावले. उत्तर आलं: हा प्रकाश सुमारे ७ अब्ज वर्षं प्रवास करून आलाय. तीस वर्षांचा तिढा काही दिवसांत सुटला.

कॅलटेकच्या त्या टीममध्ये मार्क मेट्झगर आणि जॉर्ज जोर्गोव्हस्की यांच्याबरोबर होते श्रीनिवास कुलकर्णी. जन्म नरसोबाच्या वाडीजवळच्या कुरुंदवाडचा, बालपण हुबळीचं. पुढे पालोमारवर रोज रात्री आकाश चाळणारे प्रकल्प त्यांनीच उभे केले. २०१८मध्ये सुरू झालेल्या झेडटीएफकडून एका रात्रीत लाखो इशारे येतात. ते माणसाने वाचणं अशक्य, म्हणून खरे-खोटे निवडायचं काम प्रोग्रॅम करतात. त्या कामात आपले आशिष महाबळ आहेत. २०२४चं शॉ पारितोषिक कुलकर्णींना मिळालं.

आता १७ ऑगस्ट २०१७. बहारीनच्या घड्याळात दुपारचे ३ वाजून ४१ मिनिटं. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वलहर पृथ्वीवर आली, आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. भारतात संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, म्हणजे पुढची रात्रपाळी आपलीच. पण लहरीची नेमकी दिशा काढून नकाशा पाठवायला पाच तास लागले. भारतात तोवर साडेअकरा होत आले होते आणि आकाशाचा तो भाग केव्हाच मावळला होता. शेवटी सुमारे ११ तासांनी, चिलीत अंधार पडल्यावर, एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत तो ठिपका सापडला. पहिल्या तासांत तो कसा दिसत होता, हे कोणालाच माहीत नाही.

तरी आपली पाळी अगदीच वाया गेली नाही. आपला ॲस्ट्रोसॅट त्या क्षणी पृथ्वीच्या आड होता, म्हणून त्याला काही दिसलं नाही. पण त्यावरूनही स्रोत कुठे नसावा हे कळतं. 'नो एरर' हीसुद्धा नोंदच असते! नंतर नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने रेडिओ लहरींवर कित्येक महिने या स्फोटाचा माग ठेवला.

ऑस्ट्रेलियात उजाडल्यावर आणि आफ्रिका-युरोपात अंधार पडण्याआधी पाळी आपल्याच रेखांशांवर असते. ही जागा रिकामी राहू नये म्हणून आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने लडाखमध्ये हानले इथे ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण बसवली. २०१८पासून ती चालू आहे. आयआयटीतून वरुण भालेराव हे काम पाहतात. इशारा आला की ती स्वतःच वळते, कुणाला झोपेतून उठवावं लागत नाही. शिवाय हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभी राहतेय. तिच्यासाठी २०२३मध्ये केंद्राने २६०० कोटी रुपये मंजूर केले. लहर पकडणारा आणखी एक कान मिळाला की दिशा अधिक नेमकी कळेल, आणि मग कुणाला कोणाची वाट पाहत बसावं लागणार नाही.

असो. आज गुरुवार. हॅन्डओव्हरची मेल दोनदा वाचूनच पाठवली.

चू. भू. द्या. घ्या.