हत्तीच्या पोटातील एक कोटी पुस्तके

२००८ साली अमेरिकेतील काही विद्यापीठांनी आपल्या ग्रंथालयांचे एक सामायिक डिजिटल भांडार उभारले आणि त्याला नाव दिले ‘हाथीट्रस्ट’. शब्द थेट हिंदीतला. हत्ती काही विसरत नाही, ही समजूत त्यामागे होती. (तिकडे त्याचा उच्चार ‘हाटी’ असा करतात, तो भाग वेगळा.)

भांडारातील बहुतेक पुस्तके गूगलने विद्यापीठांच्या कपाटांतून काढून स्कॅन केलेली होती. आता स्कॅन केलेले पान म्हणजे मुळात एक छायाचित्र. डोळस वाचकास त्यात पुस्तक दिसते. अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला मात्र त्यात एकही अक्षर सापडत नाही. त्या चित्रातून अक्षरे ओळखून मजकूर वेगळा काढला, तरच संगणक तो वाचून दाखवू शकतो. हाथीट्रस्टने तो काढला होता. कॉपीराइट असलेल्या पुस्तकांत सर्वसामान्य वाचकास शोधलेला शब्द कोणत्या पानावर आहे एवढेच कळे. परंतु छापील मजकूर वाचण्यास असमर्थ असल्याचे प्रमाणित झालेल्या मिशिगन विद्यापीठाच्या वाचकांस पूर्ण पुस्तक खुले होते.

एरवी अशा विद्यार्थ्याने एकेका पुस्तकासाठी अर्ज करावा, कोणीतरी ते स्कॅन करून द्यावे आणि तोवर वर्ग पुढे निघून जावा, असाच प्रकार असे. कपाटापाशी उभे राहून चार पुस्तके चाळावीत आणि पाचवे घरी न्यावे, हे सुख त्याच्या वाट्यास कधी आलेच नव्हते.

सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑथर्स गिल्ड’ ही लेखकांची संघटना न्यायालयात गेली. परवानगीवाचून प्रती काढल्या, ही तिची तक्रार. ती अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. लेखकाचे पोट कॉपीराइटवरच चालते. मात्र अंधांची राष्ट्रीय संघटना ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ स्वतःहून या खटल्यात पक्षकार झाली आणि वादाचा रंग पालटला.

१० ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायाधीश हॅरल्ड बेअर यांनी ग्रंथालयांच्या बाजूने निकाल दिला. १० जून २०१४ रोजी अपील न्यायालयाने, बेअर यांचा एक युक्तिवाद अमान्य करूनही, अंधांसाठीचा हा वापर न्याय्यच ठरविला. अंधांना मिळू शकणारी पुस्तके काही लाखांच्या घरात, आणि या भांडारात एक कोटीहून अधिक, ही तफावत न्यायालयाने नोंदविली. पानांची छायाचित्रे जपण्यासही त्याने संमती दिली. कारण अल्पदृष्टी वाचक तीच चित्रे मोठी करून पाहू शकतात. कायद्याच्या निकालात वाचनाच्या रीतीचा इतका बारकाईने विचार क्वचितच आढळतो.

दोनच आठवड्यांनी, २४ जून २०१४ रोजी, दृष्टिबाधितांसाठीच्या माराकेश कराराला अधिकृत मान्यता देणारा जगातील पहिला देश भारत ठरला. आपल्या कॉपीराइट कायद्यात तशी सवलत २०१२ सालच्या दुरुस्तीनेच आली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले.

मराठीत मात्र आणखी एक गाठ आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी असंख्य पुस्तके जुन्या फॉन्टांत जुळविली गेली. त्यांत डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. अशी फाइल उघडली की स्क्रीन रीडर नुसते अर्थहीन ध्वनी काढीत राहतो, मग कायद्याने ती कितीही खुली असो.