व्हर्सायचीं कारंजीं

पॅरिसनजीकचा व्हर्सायचा राजवाडा पाहूं जातां आरसेमहालानें डोळे दिपतात खरे. परंतु फ्रान्सच्या राजसत्तेचें मर्म आम्हांस आढळलें तें बाहेरच्या उद्यानांत.

तेराव्या लुईनें १६२३ सालीं येथें लहानसें शिकारगृह बांधलें. चौदाव्या लुईनें त्याचा अफाट प्रासाद केला आणि १६८२ त दरबारहि तेथेंच नेला. ल नोत्रनें आंखलेल्या बागेंत वृक्षवेलींनीं राजाज्ञा मानली. मानली नाहीं ती एका पाण्यानें. सीन नदीचें पाणी वर चढविण्यास मार्ली येथें चौदा चाकांचें यंत्र बसविलें, तरी सर्व कारंजीं एकाच वेळीं पुरेशीं उडेनात. तेव्हां राजा येतांना दिसला कीं नोकर शीळ घाली व पुढचें कारंजें उसळे; त्याची पाठ फिरली कीं मागचें बंद होई. यूर नदी वळविण्यासाठीं हजारों सैनिक राबले, कित्येक तापानें दगावले. १६८८ सालीं युद्ध पेटलें व तें काम कायमचें राहिलें.

राजाची पाठ फिरल्यावर काय कोरडें पडतें, हें राजास कोण सांगणार? १७८९ च्या आक्टोबरांत पॅरिसच्या स्त्रिया भाकरी मागत पायीं येथवर आल्या. दुसऱ्या दिवशीं सोळाव्या लुईस त्यांच्यासवें पॅरिसला जावें लागलें.