लाशऊर ते अबोध मन

आमच्या बीड जिल्ह्यात मानसशास्त्र दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा इंग्रजीतूनच उतरवून. आधी उर्दूत, मग मराठीत.

जिल्हा तेव्हा निजामाचा. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं, पण उर्दूत शिकवायचं तर पुस्तकं हवीत. म्हणून आदल्याच वर्षी हैदराबादेत दार-उल-तर्जुमा हे भाषांतराचं खातं उघडलं होतं. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. अब्दुल माजिद दर्याबादीही सुरुवातीला तिथे होते. तिथल्या उर्दूत मानसशास्त्र म्हणजे 'नफ्सियात' आणि अबोध मन म्हणजे 'लाशऊर'. माझे वडील याच उर्दू अमदानीत शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू, हे त्यांना कधी वेगळं वाटलंच नाही.

पोलीस कारवाईनंतर ते माध्यम गेलं. 1958 ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, 1960 ला महाराष्ट्र, त्याच वर्षी भाषा संचालनालय. पुढे परिभाषा कोश आले. मी अंबाजोगाईत शिकवायला लागलो तेव्हा पोरं मराठीतून लिहायची आणि धड पुस्तकं इंग्रजीत. उद्याच्या तासापुरती पानं मी रात्री मराठीत करायचो, मांडीवर कोश घेऊन. 'सेन्सेशन' म्हणजे वेदन, 'परसेप्शन' म्हणजे संवेदन, 'कंडिशनिंग' म्हणजे अभिसंधान. केजहून येणाऱ्या एका मुलानं विचारलं, "सर, वेदन म्हंजे दुखणं ना?" त्यात काही जण हिंदी गाईड वाचून यायचे, तिथे 'सेन्सेशन'लाच संवेदना. एका तासाला तीन भाषांची गाठ सोडवावी लागे.

बाजेवर पडल्या पडल्या वडील माझं पुटपुटणं ऐकायचे. एकदा म्हणाले, "नफ्स म्हंजे आपला जीवच की रे. तुझ्या मराठीत जीव कुठं गेला?"

खरंच कुठेच नव्हता. आमच्याकडे माणसाचा जीव घाबरा होतो, जीव लागत नाही, जीव टांगणीला लागतो. आणि माझ्या वहीत 'चिंता', 'अवधान', 'ताण'. गाव तरी कुठलं! इथेच मुकुंदराजांची समाधी, ज्यांनी शके 1110 मध्ये वेदान्त मराठीत आणला असं आपण मानतो. इथेच सोळाव्या शतकात दासोपंतांनी अख्ख्या पासोडीवर पंचीकरण लिहिलं. मन, बुद्धी, चित्त, अहंकार यांची वाटणी त्या शास्त्रात आधीच झालेली. 'इगो'साठी कोशकारांनाही 'अहं' तिथूनच सापडला असणार, असा माझा आपला अंदाज.

पण फ्रॉइडनं 1923 च्या पुस्तकात साधे घरगुती जर्मन शब्द वापरले होते, 'मी' आणि 'ते'. इंग्रजी भाषांतरात त्यांचं लॅटिन 'इगो' आणि 'इड' झालं, आणि इंग्रजीवरून आपण संस्कृतात गेलो. हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर चिडचिड झाली. दहा वर्षं मी दुसऱ्याच्या सोवळ्याचं सोवळं पाळत होतो.

पाव्हलॉवच्या कुत्र्याचा धडा तर कितीदा करून पाहिला. घंटा, लाळ, अभिजात अभिसंधान, वर्ग ढिम्म. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, बादली वाजली की आमची म्हैस पान्हा सोडती, त्येच का हे?"

त्या वर्षीच्या वहीत 'अभिसंधान'समोर पेन्सिलीनं लिहिलेलं आहे: बादली, म्हैस.